बांगडा-तारली खायला शिकताना: घाटावरून ठाणे-नवी मुंबईत आलेल्यांसाठी

मी मूळची लातूरकडची. आमच्याकडे मासा म्हणजे तळ्यातला नाहीतर धरणातला, तोही वर्षातून एखाद्या वेळी, आणि चूल अंगणात मांडून. लग्नानंतर ऐरोलीत आले, तरी पंधरा वर्षं बांगड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेजारच्या मालवणी काकूंच्या स्वयंपाकघरातून वास आला की मी आमची खिडकी लावून घ्यायचे. आता त्याच काकूंकडे तिरफळं (माशाच्या कालवणात घालतात तो कोकणातला मसाला) मागायला जाते.

मधे जे घडलं ते थोडक्यात सांगते. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा ७१ वर्षांची होती. एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारायची. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून परत येताना बिल्डिंग विसरली. न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमरची, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराची, सुरुवात असल्याचं सांगितलं. तपासण्या झाल्या, गोळ्या लिहून झाल्या. निघता निघता मी विचारलं, "डॉक्टर, मलाही होईल का? मी आत्तापासून काय करू?" त्यांनी रक्तदाब, साखर, चालणं, कान, डोळे अशी यादी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "खात असाल तर आठवड्यातून दोनदा मासे खा. तेलकट मासे."

तेलकट म्हणजे तळलेले, असं मी समजले! तीन महिने आम्ही रव्यात घोळवून, बुडत्या तेलात तळलेली सुरमई औषध म्हणून खाल्ली. पैसे गेले, वजन वाढलं. पुढच्या भेटीत डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तेल माशाच्या अंगात हवं, कढईत नाही." तुमचे असे तीन महिने वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

१. मासा म्हणजे औषध नव्हे, हे आधी पक्कं करा

मेंदूतलं पाणी वगळलं तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे डीएचए, ओमेगा-३ स्निग्धाम्लांपैकी एक. आपलं शरीर ते फारच थोडं बनवतं, त्यामुळे ते खाण्यातून यावं लागतं. गंमत म्हणजे माशालाही ते आयतंच मिळतं. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ते तयार करतं, छोटे जीव ते शेवाळ खातात, त्यांना मासे खातात आणि माशाला आपण.

आता फायदा किती? शिकागोत ६५ वर्षांवरच्या ८१५ लोकांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा मासे खाणाऱ्यांमध्ये अल्झायमरचा धोका, क्वचित किंवा कधीच न खाणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा आहे, पण हा निरीक्षणाचा अभ्यास. मासे खाणारी माणसं कदाचित जास्त चालत असतील, जास्त शिकलेली असतील. अभ्यासक हिशोबात त्याची वजाबाकी करतात, पण ती पूर्ण होत नाही.

कॅप्सूल देऊन पाहिलं तेव्हा चित्र बदललं. अमेरिकेत अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांवर १८ महिने प्रयोग झाला. काहींना रोज २ ग्रॅम डीएचए, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी. २०१० साली निकाल आला: आजाराचा वेग दोन्ही गटांत सारखाच. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या सुमारे १,६८० लोकांना तीन वर्षं ओमेगा-३ देऊन पाहिलं, तिथेही ठळक फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी अशा गोळ्यांची शिफारस करू नये असं स्पष्ट आहे. भाज्या, कडधान्यं, फळं, मासे असा भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखा आहार मात्र त्यात सुचवला आहे.

यातून मी काढलेला अर्थ असा. मासा ताटात येतो तेव्हा त्या ताटातून दुसरं काहीतरी बाहेर जातं. मंगळवारी बांगडा केला तर त्या दिवशी वडापाव आणि फरसाण नसतं. कॅप्सूल घेतली की वडापाव तसाच राहतो.

आणखी एक. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची, आपल्याला काही करता येण्याजोगी, १४ कारणं दिली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, नैराश्य, एकटेपणा, धूम्रपान, अति दारू, डोक्याला मार, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, प्रदूषित हवा, बालपणी कमी शिक्षण. या सगळ्यांवर काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. यादीत मासा नाही! त्यामुळे बीपीची गोळी चुकवून बांगडा खाणाऱ्याने स्वतःची समजूत घालून घेऊ नये. (हे वाक्य आमच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी आहे. ते हे वाचतील.)

२. बाजारात जाण्याआधीची तयारी

घरातल्या कुणाला विसरायला होत असेल तर मासळी बाजार नंतर, डॉक्टर आधी. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. माझ्या मावशीचं सहा महिने 'वयानुसार होतंच' म्हणून चाललं होतं, निघालं बी-१२. जाताना हे बरोबर ठेवा:

- गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट: साखर, बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, कोलेस्टेरॉल
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट. आयुर्वेदिक आणि 'मेमरी' वाढवणाऱ्यासुद्धा
- काय विसरलं, कधी, किती वेळा, याची तारखेनिशी वही. डॉक्टरांसमोर आपल्यालाच काही आठवत नाही
- आधी कधी मासे, कोळंबी किंवा खेकडा खाऊन अंगावर पित्त उठलं असेल तर ते

युरिक अॅसिड वाढलेलं असेल, गाउट असेल, तर बांगडा आणि तारली हे नेमके त्रास वाढवणारे मासे आहेत, प्रमाण डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार असेल तरीही विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना ताटातला मासा सहसा चालतो, पण स्वतःच्या मनाने ओमेगा-३ च्या कॅप्सूल सुरू करू नका. मोठ्या मात्रेत त्या घेतल्या तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, असं अलीकडच्या चाचण्यांत दिसलं आहे.

सामान फार लागत नाही. झाकणाचा स्टीलचा डबा, थंड ठेवणारी पिशवी आणि फ्रीजरमधले दोन बर्फाचे पॅक, माशासाठी वेगळा सुरी-पाट, काटे काढायला लहान चिमटा. नॉनस्टिक तव्यापेक्षा जुना बिडाचा तवा बरा.

भाड्याने घर घेणार असाल तर करार करण्याआधीच 'मासे चालतील ना?' असं विचारून घ्या. आम्ही पहिल्या घरात हे विचारलं नव्हतं. पुढे काय झालं ते सांगत बसत नाही, टेम्पोचं भाडं मात्र अजून आठवतं.

३. कोणता मासा घ्यायचा

इथे सगळे नवखे फसतात, मीही फसले. महाग तो चांगला, असं आपल्याला वाटतं. मेंदूसाठी लागणारं तेल नेमकं स्वस्त माशांत जास्त असतं.

बांगडा हा पहिला. वर्षातला बराच काळ मिळतो, काटे मोठे आणि सहज निघणारे, चव ठसठशीत. मध्यम आकाराचा बांगडा साधारण १५० ते २०० ग्रॅमचा. डोकं, काटा, पोट गेलं की एका माणसाच्या वाट्याचं मांस उरतं. म्हणून आमच्या घरचा हिशोब सोपा आहे: माणशी एक बांगडा, आठवड्यातून दोनदा. अमेरिकेतली हृदयविकारावर काम करणारी संघटनाही (अमेरिकन हार्ट असोसिएशन) आठवड्याला माशाचे दोन वाटे सांगते, शक्यतो तेलकट माशांचे.

तारली त्याहून स्वस्त आणि त्याहून तेलकट. पावसाळ्यानंतर तिच्या अंगात चरबी भरते, तव्यावर टाकली की स्वतःचंच तेल सोडते. बारीक काटे ही तिची खोड. मालवणी माणूस तिच्या लहान भावंडांना पेडवे म्हणतो आणि डोळे मिटून खातो. माणशी चार-पाच पुरतात.

पाला, म्हणजे बंगाल्यांची हिलसा, चवीला राजा आणि तेलानेही भरलेला. पण महाग, आणि काटे असे की बोलता बोलता खाता येत नाही. सणासुदीला ठीक.

आता बाकीच्यांबद्दल. पापलेट सुंदर मासा आहे, काटे कमी, मुलं खातात. पण निव्वळ ओमेगा-३ साठी एवढे पैसे मोजण्यात अर्थ नाही. बोंबील तर बराचसा पाणीच, आवडतो म्हणून खा. रावसाला हॉटेलवाले 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्याचं परदेशी सॅल्मनशी काही नातं नाही. मॉलमधल्या फ्रीजरमधला नॉर्वेचा सॅल्मन खरा तेलकट, पण त्याच्या एका तुकड्याच्या पैशात महिन्याचे बांगडे येतात. आणि हॉटेलात 'फिश फिले' म्हणून जे पांढरं, मऊ, बिनवासाचं येतं ते बहुतेकदा बासा असतं, गोड्या पाण्यातला मासा, ओमेगा-३ च्या नावाने शिमगा.

सुरमईबद्दल मालवणी काकू माझ्याशी भांडतील, पण सांगते. समुद्रात मोठा मासा लहान माशांना खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात वर्षानुवर्षं साठत जातो. त्यामुळे मोठी सुरमई कधीतरी, आणि मोरी म्हणजे शार्क त्याहून कमी. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोरी टाळलेलीच बरी. बांगडा-तारली लहान आणि कमी जगणारी, त्यांच्यात ही भानगड कमी.

सुका खारा बांगडा काकू बरणीत भरून ठेवतात. चव अप्रतिम, मीठ भयंकर. बीपी असेल तर तो आठवड्याच्या दोन वाट्यांत मोजू नका.

४. कुठे आणि कोणत्या दिवशी

ठाण्यात राहत असाल तर स्टेशनला लागून असलेला चेंदणी कोळीवाडा माहीत करून घ्या. नवी मुंबईत बेलापूरजवळचं दिवाळे, नेरूळचं सारसोळे, ऐरोलीजवळचा दिवा कोळीवाडा ही जुनी कोळी गावं. सिडकोचं शहर उभं राहण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं खाडीवर जगत आली आहेत, आणि आपण त्यांच्या गावाला 'सेक्टर' म्हणतो.

एक गैरसमज माझा बरेच दिवस होता. कोळीवाड्यात मिळतो तो सगळा मासा समोरच्या खाडीतला, आणि खाडी तर घाण, असं मला वाटायचं. खाडीत निवट्या, खेकडे, कोळंबी, बोय असा माल निघतो. बांगडा आणि तारली उघड्या समुद्रातले. ते मुंबईच्या बंदरांवर, भाऊच्या धक्क्यावर नाहीतर ससून डॉकला, उतरतात आणि कोळणी पहाटे तिकडून पाट्या भरून आणतात. शंका असली तर सरळ विचारा, "मावशी, हा खाडीचा की धक्क्यावरचा?" या प्रश्नाने कुणी रागावत नाही. उलट गिऱ्हाईक अगदीच कोरं नाही, हे कळतं.

बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खाण्याचे दिवस, तेव्हा माल भरपूर आणि गर्दीही. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशीला बाजार थंड असतो. भाव उतरलेला दिसतो, पण कालचा माल खपवायचा प्रयत्नही त्याच दिवशी होतो. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, सकाळी दहाच्या आत. मंगळवारी चतुर्थी आली तर बुधवारी.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. या दोन महिन्यांत दिसणारा बांगडा बहुधा बर्फातला किंवा लांबून आलेला. त्यातच आषाढ अमावस्येला, गटारीला, भाव आभाळाला टेकतात. त्या दिवशी बाजारात जाण्याचा हट्ट करू नका. मग श्रावण आला की अर्धी सोसायटी मासे सोडते, आणि नारळी पौर्णिमा झाली की हळूहळू गाडी रुळावर येते. बांगडा-तारलीची खरी बहार पावसाळा संपल्यापासून थंडीभर. पहिल्यांदा सुरुवात करणार असाल तर ऑक्टोबरनंतर करा. जूनमध्ये पहिला बांगडा खाल्लात तर तो आवडणार नाही आणि दोष बांगड्याला द्याल.

५. ताजा कसा ओळखायचा

डोळा आधी पाहा. ताज्याचा डोळा फुगीर, काळाभोर, चकचकीत. शिळ्याचा आत गेलेला, दुधाळ. मग गालफड उचलायला सांगा, आतून लाल हवं. तपकिरी, चिकट असेल तर पुढे चला. पाठीवर बोट दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. बांगडा मधे धरला तर ताठ राहायला हवा, ओल्या फडक्यासारखा लोंबायला नको. तारलीचं पोट पाहा, फुटून आतडी बाहेर आली असतील तर ती घेऊ नका.

समुद्राचा वास आला तर ठीक. नाकाला झोंबणारा वास आला किंवा कसलाच वास आला नाही आणि मासा रबरासारखा कडक लागला, तर सोडा.

बांगडा सहसा वाट्यावर, म्हणजे मांडलेल्या ढिगावर, मिळतो, वजनावर नाही. वाट्यात वरचा ताजा आणि खालचे दोन कालचे, असं होऊ शकतं. सगळे उलटून पाहा. घासाघीस करा, पण साफ करून देण्याचे पैसे कापू नका. माझी नेहमीची मावशी पहिल्या दिवशी माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच म्हणाली होती, "ताई, नवीन हाय ना तू? थांब, मीच देते बगून." आणि खरंच तिनेच निवडून दिले. तिच्याकडून शिकलेलं वाक्य तुम्हीही वापरा: "डोकं काढून, पोट साफ करून, दोन्ही बाजूंना चिरा मारून द्या." घरी फक्त धुणं उरतं.

६. बाजार ते घर: इथे चूक केलीत तर खैर नाही

हा भाग नीट वाचा, कारण ही चूक मी केली आहे. मे महिना होता. सकाळी साडेनऊला बांगडे घेतले, तसेच कापडी पिशवीत घालून बँकेत गेले, मग भाजी, मग मुलाची पुस्तकं. घरी पोचायला साडेबारा झाले. रात्री जेवल्यावर अर्ध्या तासात माझा आणि नवऱ्याचा चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, अंगावर गांध्या. आम्हाला वाटलं माशाची अॅलर्जी. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बांगडा किती वेळ बाहेर होता?"

बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टमिन करतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टमिन उकळून, तळून, कशानेही जात नाही. चिंच-कोकमानेही नाही. चावताना जिभेला तिखट, झोंबल्यासारखं लागलं तर तो घास टाकून द्या.

म्हणून मासा ही बाजारातली शेवटची खरेदी. बरोबर बर्फाची पिशवी. घरी आल्या आल्या धुऊन, हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये, आणि त्याच दिवशी शिजवायचा. दोन दिवसांचे एकदम घेतलेत तर दुसऱ्या दिवशीचे सरळ फ्रीजरमध्ये. डोकी आणि काटे पिशवीत बांधून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवते आणि घंटागाडी आली की तेव्हाच बाहेर काढते. शेजाऱ्यांशी संबंध यामुळे टिकले आहेत.

७. शिजवायचा कसा

अमेरिकेत २६० ज्येष्ठांच्या मेंदूचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २०१४ साली आला. आठवड्यातून एकदा तरी भाजलेला मासा खाणाऱ्यांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित भाग जास्त भरलेला दिसला. तळलेला खाणाऱ्यांत तसं दिसलं नाही. रवा फ्राय बंद करा असं मी म्हणणार नाही, महिन्यातून एकदा तो आमच्याकडेही होतो. पण रोजची पद्धत दुसरी हवी.

सगळ्यात सोपं म्हणजे तिखलं. चार बांगड्यांना सात-आठ बेडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवा, चमचाभर धणे, थोडं ओलं खोबरं घालून बारीक वाटा. पातेल्यात वाटण, हळद, मीठ, चार-पाच कोकमं आणि पाणी घालून उकळी आणा. आता तिरफळं, सात-आठ, आतली काळी बी काढून, नुसती ठेचलेली. वाटू नका, कडू होतं. मग बांगड्याचे तुकडे सोडा आणि आठ मिनिटं मंद आच. चमच्याने ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. शेवटी चमचाभर खोबरेल तेल वरून. कांदा नाही, फोडणी नाही. तिरफळामुळे तो वास, ज्याच्यासाठी मी पंधरा वर्षं खिडकी लावली, जातोच. पहिल्यांदा खाणाऱ्याने भातावर घ्यावं. भाकरीबरोबर दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल तरच.

भाजायचा असेल तर चिरांमध्ये हळद, मीठ, आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि आगरी-कोळी मसाला भरून केळीच्या पानात गुंडाळा आणि बिडाच्या तव्यावर झाकण घालून दोन्ही बाजूंनी सात-सात मिनिटं. तेल एक चमचा, तेही पानाला.

तारल्या मी कुकरला लावते. कोकम, मीठ, हिरवी मिरची, आलं, अगदी थोडं पाणी. तीन शिट्ट्या आणि मग बारीक आचेवर वीस मिनिटं. काटे इतके मऊ होतात की चावून खाता येतात, कॅल्शियमही पोटात जातं.

हाताचा वास बेसनाने जातो. घराचा जायला पंखा आणि धीर.

८. स्मृती गेलेल्या माणसाला भरवताना

आईला मासा सुरू केला तेव्हा मनात कुठेतरी आशा होती. खोटं कशाला बोलू? तिची स्मृती परत आली नाही. आजार सुरू झाल्यावर डीएचएच्या गोळ्यांनीही त्याचा वेग कमी होत नाही, हे वर लिहिलेल्या चाचणीत दिसलं आहे. तरी ती खाते, कारण तिला प्रथिनं मिळतात, गिळायला मऊ असतं, आणि तिला आवडतं. मात्र काही गोष्टी पाळाव्या लागतात.

काटा हा सर्वात मोठा धोका. त्यांना काटा जाणवतो, पण तो थुंकून टाकायचं सुचत नाही. आईसाठी बांगड्याचा मधला काटा मी ओढून काढते, मग गर दोन बोटांत चुरून पाहते, मग चिमटा. साधी तारली तिला कधीच नाही. गर भातात कालवून, लहान घास, ताटात एका वेळी एकच पदार्थ. टीव्ही बंद. जेवताना ठसका वारंवार लागत असेल, पाणी पिताना खोकला येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या आणि तोवर मासा थांबवा.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. माझ्या सासूबाई माळकरी आहेत. हल्ली त्याही विसरायला लागल्या आहेत. एका नातेवाइकाने सुचवलं, "आमटीत मिसळून दे, त्यांना कुठे कळणार आहे?" मी नाही म्हटलं. पन्नास वर्षं ज्या बाईने पंढरीची वारी केली, तिच्या ताटात आपण गुपचूप मासा घालायचा, कारण ती आता पकडू शकत नाही? ज्यांनी कधी खाल्लं नाही, त्यांना त्यांचंच चांगलं खाऊ घाला.

घरात अशा आजाराचं माणूस असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा सरकारी मोफत क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा.

९. मासा खायचाच नसेल तर

जवस आणि अक्रोड यांत ओमेगा-३ असतं, पण वेगळ्या रूपात. शरीर त्यातून डीएचए बनवतं ते अगदी थोडं. तरी जवसाची चटणी लातूरच्या माणसाला कोण सोडायला लावणार? खा, पण ती बांगड्याच्या बरोबरीची आहे असं मानू नका. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात. स्मृतिभ्रंश टाळण्याबाबत त्यांच्याकडून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त अपेक्षा ठेवायला काही आधार नाही. शाकाहारी माणसाने त्यापेक्षा आधी बी-१२ तपासावं, ते स्वस्त पडतं.

सासूबाईंसाठी मी जवस, कारळं, पालेभाज्या, ताक आणि संध्याकाळी खाली बागेत अर्धा तास चालणं एवढंच ठेवलं आहे. कानाचं मशीन घ्यायला त्या तयार नव्हत्या. परवा घेतलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "अगं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, बारीक कर." आत तारल्या होत्या.